रिकामे पिंप

आपल्या विद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असा निरोप आला तेव्हा मन प्रथम गेले ते वसतिगृहाच्या मागच्या अंगणाकडे. तेथे न्हाणीघराच्या भिंतीला लागून पिंपांची एक रांग उभी असे. ते दुष्काळाचे दिवस होते. टँकर आठवड्यातून दोनदा येई, आणि तो आला की आम्ही मुले हातोहात बादल्या देत ती पिंपे भरून घेत असू. त्यांपैकी एका पिंपाच्या पाण्याला उन्हाळ्यात उग्र वास येई. आमचे वसतिगृहप्रमुख सर म्हणत, "दोन दिवस उघडे ठेवा, वास उडून जाईल." त्यांच्या सांगण्यात आमच्याविषयी काळजीच होती. ते पिंप कोठून आले, त्यात पूर्वी काय भरलेले होते, हे विचारण्याची जाण आम्हां मुलांना नव्हती, आणि त्या काळी ती मोठ्यांनाही नव्हती.

विद्यालयातून बाहेर पडल्यावर मी आयटीआयमध्ये रंगकाम शिकलो आणि भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये नोकरीस लागलो. पुढची तीस वर्षे तेथेच गेली. पहिली अठरा वर्षे हातात स्प्रे गन होती. नंतरची बारा वर्षे पर्यवेक्षक म्हणून रंगाचे भांडार आणि त्यातून निघणारा टाकाऊ माल माझ्या ताब्यात होता. थिनरची, प्रायमरची, हार्डनरची पिंपे रिकामी झाली की अंगणात रचून ठेवली जात. भंगारवाल्याचा टेम्पो येई, पिंपे मोजली जात आणि गेटपासवर मी सही करीत असे. त्या गेटपासवर 'रिकामी पिंपे' असे दोन शब्द आणि पुढे नगांची संख्या, एवढाच मजकूर असे.

आमच्या खात्यात झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. त्या आजारी पडल्या म्हणून एकदा त्यांच्या वस्तीत भेटायला गेलो. दाराशीच पाण्याचे पिंप होते. साबणाच्या भुकटीने घासून लख्ख केलेले, वर लाकडी झाकण, झाकणावर पालथा तांब्या. पिंपाच्या पोटावर पांढऱ्या रंगात एक क्रमांक होता आणि ते अक्षर माझे होते. मावशींनी त्याच पिंपातून तांब्या बुडवून मला पाणी दिले. मी ते प्यालो. नको म्हणण्याचे धैर्य झाले नाही, आणि का नको हे सांगण्याचे तर त्याहून झाले नाही. घातक कचऱ्याविषयीचे नियम तेव्हाही होते. ते आमच्यापर्यंत पोहोचले नव्हते, असे म्हणून मला सुटता येईल. पण मीही कधी विचारले नव्हते, हे खरे आहे. गेटपासवर मी 'रिकामी' असे लिहीत होतो आणि ती पिंपे रिकामी नव्हती. हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

पिंपात काय उरते, हे समजण्यासाठी रंग कशाचा बनतो ते पाहिले पाहिजे. कोणत्याही औद्योगिक रंगात ढोबळमानाने चार घटक असतात: थर बांधून ठेवणारे रेझिन, रंगछटा व गंजरोधक गुण देणारी भुकटी म्हणजे रंगद्रव्य, हे सारे पातळ ठेवणारा द्रावक आणि थोड्या प्रमाणातली पूरक रसायने. द्रावक म्हणजे टोल्यूईन, झायलीन यांसारखे द्रव. आपण ज्याला थिनर म्हणतो तो बहुधा अशा द्रवांचेच मिश्रण असतो. रंगद्रव्यांमध्ये शिशाचे आणि क्रोमियमचे क्षार दीर्घकाळ वापरले गेले. यंत्रांवरचा गडद पिवळा रंग बहुधा शिसे-क्रोमेटचा असे, आणि लोखंडावरच्या पिवळसर प्रायमरमध्ये जस्त-क्रोमेट असे. दोन भाग एकत्र करून वापरायच्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट या वर्गातील रसायने असतात.

द्रावक उडून जातो म्हणून तो संपला, अशी आपली समजूत असते. तो हवेत जातो आणि हवेतून रंगाऱ्याच्या रक्तात जातो. गरगरणे, डोके दुखणे, चालताना तोल जाणे ही त्याची पहिली लक्षणे. वर्षानुवर्षे तो श्वासावाटे शरीरात जात राहिला तर स्मरणशक्ती आणि मज्जासंस्था यांवर परिणाम होतो. पाळी संपल्यावर थिनरनेच हात धुण्याची रीत जवळजवळ प्रत्येक पेंट शॉपमध्ये आहे. त्याने हात स्वच्छ दिसतात. परंतु त्वचेतील स्निग्धांश धुऊन जातो, कातडी फुटते आणि द्रावक त्या वाटेनेही अंगात शिरतो. आम्हांला रोज गुळाचा खडा मिळत असे. गूळ खाल्ला की रंग छातीत बसत नाही, असा आमचा विश्वास होता. गूळ घशाला बरा वाटतो. रक्तात गेलेला द्रावक तो काढू शकत नाही. तोंडाला बांधलेला रुमालही धूळ थोडी अडवील, पण वाफेला तो दारच नाही.

आयसोसायनेटची गोष्ट याहून कठीण आहे. याच विद्यालयातला माझा एक वर्गमित्र माझ्याच शेजारच्या बूथमध्ये गाड्यांचे सुटे भाग रंगवीत असे. त्याला रात्री दोन-तीन वाजता धाप लागू लागली. दिवसा कामावर तो ठीक असे, म्हणून कामाचा संशय कोणालाच आला नाही. घरातली ओल, हवापालट, आनुवंशिकता अशी कारणे शोधली गेली. फार उशिरा एका डॉक्टरांनी विचारले, "तुम्ही काम कसले करता?" आयसोसायनेटने येणारा दमा कित्येकदा असाच तासांच्या अंतराने, रात्री येतो. एकदा शरीर त्या रसायनाला चिडू लागले की पुढे त्याचा अत्यल्प अंशही झटका आणण्यास पुरतो. घातक पातळीला पोहोचेपर्यंत त्याचा वास जाणवेलच असे नाही. म्हणून नाकावर विसंबता येत नाही आणि फवारणी करणाऱ्यास बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. माझ्या मित्राला असा मुखवटा कधीच मिळाला नाही. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याला काम सोडावे लागले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ साली रंगाऱ्याचा व्यवसायच मानवात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात नोंदवला. फुप्फुस आणि मूत्राशय या अवयवांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध स्पष्ट झालेला आहे. एखाद्या रसायनाचे नाव अशा यादीत असते, हे आपण ऐकतो. येथे एक संपूर्ण व्यवसायच त्या यादीत आहे. तरीही रंगकामाकडे आपण 'बिनशिक्षणाचे हलके काम' म्हणूनच पाहतो.

आता पिंपाकडे वळू. दोनशे लिटरच्या पिंपातील हवेत टोल्यूईनच्या वाफेचे प्रमाण सुमारे १.२ टक्के झाले की ते मिश्रण ठिणगीने स्फोट पावू शकते. हिशेब केला तर एवढी वाफ होण्यास जेमतेम दहा मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे, द्रव पुरतो. पिंप उपडे करून झटकले तरी कड्यांच्या खाचेत तेवढा द्रव सहज राहतो. भरलेल्या पिंपात द्रव फार आणि हवा थोडी असते; 'रिकाम्या' पिंपात वाफ आणि हवा यांचे नेमके धोक्याचे मिश्रण तयार होते. म्हणूनच असे पिंप कापण्यासाठी गॅस कटर लावणारा माणूस जिवावर उदार होत असतो, आणि त्याला ते कोणी सांगितलेले नसते. प्लास्टिकच्या पिंपाची तऱ्हा वेगळी. टोल्यूईन, झायलीन यांसारखे द्रावक प्लास्टिकच्या भिंतीतच मुरतात. पिंप कितीही घासले तरी भिंतीत मुरलेले बाहेर येत नाही. ते हळूहळू, उन्हाने तापल्यावर अधिक, आतल्या पाण्यात उतरत राहते. आमच्या वसतिगृहातल्या पाण्याला उन्हाळ्यातच वास का येत असे, याचे उत्तर मला असे फार उशिरा मिळाले.

शिशाचा धोका मुलांना सर्वांत अधिक. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा अंश शरीरात शोषला जातो, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या शरीरात शोषला जाऊ शकतो, आणि तो वाढत्या मेंदूवर आघात करतो. शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे, असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. जुन्या दाराचा रंग कोरडा खरवडताना उडणारी धूळ, खिडकीच्या गजांवरचे पोपडे, अंगणात टाकलेला रंगाचा गाळ यांतून शिसे मुलांच्या हातावर आणि हातावरून तोंडात जाते. बुद्धीची ही हानी ताप-खोकल्यासारखी दिसत नाही. मूल 'अभ्यासात मागे' आहे, एवढेच आपल्याला दिसते.

हे सारे जगाला ठाऊक नव्हते असे नाही. १९२१ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इमारतींच्या आतील रंगकामात पांढऱ्या शिशाच्या वापरावर बंदी घालणारा करार संमत केला. अठरा वर्षांखालील मुलांना आणि सर्व स्त्रियांना अशा औद्योगिक रंगकामावर घेऊ नये, असेही त्यात होते. मात्र रेल्वे स्थानके आणि औद्योगिक आस्थापना यांच्यासाठी त्यात सवलतीची एक फट ठेवलेली होती. आपल्या देशात रंगातील शिशाविषयीचे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. दहा लाख भागांत शिशाचे ९० पेक्षा अधिक भाग नसावेत, अशी मर्यादा त्यांनी घातली. हे चांगलेच झाले. परंतु ही मर्यादा घरगुती व शोभेच्या रंगांसाठी आहे; औद्योगिक रंग तिच्या बाहेर राहिले. सुमारे शंभर वर्षांपूर्वी जी फट होती, तीच आजही उघडी आहे. ज्याच्या घराला रंग लागतो त्याचे रक्षण करायचे आणि जो कारखान्यात रंग लावतो त्याला वगळायचे, हा न्याय मला समजत नाही. त्या रंगाऱ्याच्याही घरी मुले असतात, आणि त्याच्या कपड्यांवरची धूळ त्याच्याबरोबर घरी येते.

कायद्याने कामगाराला काहीच दिले नाही, असेही म्हणता येणार नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते; १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामगाराचे शरीर ही मालकाने विकत घेतलेली वस्तू नव्हे, हा विचार त्यातून कायद्यात उतरला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने शिशाची विषबाधा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत घातली. भोपाळमध्ये १९८४ साली ज्या वायूने हजारो माणसे मारली, तो मिथिल आयसोसायनेट होता. हार्डनरमधील रसायने त्याच कुळातली, जरी गुणधर्मांनी वेगळी असली तरी. त्या दुर्घटनेनंतर १९८७ साली अधिनियमात दुरुस्ती झाली आणि आपण हाताळतो त्या रसायनांचे धोके जाणून घेण्याचा हक्क कामगाराला मिळाला. भोपाळच्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन घातक कचरा पिथमपूरला हलवायला मात्र २०२५ साल उजाडावे लागले. वापरणारे निघून जातात आणि कचरा मागे राहतो; तो कोणाच्या शेजारी राहतो, हे आपण जाणतोच.

घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत रंगाचा गाळ, वापरलेला द्रावक, रसायनाने माखलेल्या चिंध्या आणि रसायनाने दूषित झालेली रिकामी पिंपे या सर्वांची घातक कचरा म्हणून नोंद आहे. म्हणजे माझ्या गेटपासवरचे 'रिकामे' पिंप कायद्याच्या भाषेतही रिकामे नाही. असा कचरा साधारणपणे नव्वद दिवसांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाही. तो प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या केंद्राकडेच, नोंदपत्रासह, जावा लागतो. आपल्या राज्यात तळोजे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. मळका थिनर ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून पुन्हा वापरता येतो. रंगाचा गाळ सिमेंटच्या भट्टीत, चौदाशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेत, इंधनाबरोबर जाळता येतो. पिंपे अधिकृत ठिकाणी निर्मळ करून घेता येतात, किंवा चेपून, भोके पाडून, पुन्हा पाण्यासाठी वापरता येणार नाहीत अशी करून वितळवण्यास पाठवता येतात. अर्थात उपाय ठाऊक आहेत. ते महाग वाटतात, एवढेच.

यावर दोन आक्षेप मी पुष्कळदा ऐकले आहेत, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला छोट्या शेडवाल्याचा. चार कामगार, एक कॉम्प्रेसर आणि महिन्याला दोन पिंपे कचरा असलेल्या माणसाने रांजणगावपर्यंत गाडी कशी पाठवावी? त्याचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच प्रत्येक औद्योगिक वसाहतीत छोट्या कारखान्यांसाठी सामाईक संकलनाची सोय असली पाहिजे, आणि रंग विकणाऱ्या कंपनीने भरलेले पिंप देताना रिकामे परत नेण्याची जबाबदारी घेतली पाहिजे. सोड्याच्या बाटल्या आपण परत करीत होतो. विषाच्या पिंपाला तेवढीही शिस्त नसावी काय?

दुसरा आक्षेप मावशींचा, जो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. नळ दोन दिवसांतून एकदा येतो. पाणी साठवायचे कशात? चांगली टाकी घेण्याची ऐपत असती तर भंगारातले पिंप कोणी घेतले असते? या प्रश्नाला 'ते पिंप वापरू नका' हे उत्तर पुरे पडत नाही. ज्या कारखान्याने पिंपे विकून भंगाराचे चार पैसे मिळवले, त्याने त्याच पैशांतून आपल्या कंत्राटी कामगारांना पाण्याची नवी, खाद्यवापरासाठीची टाकी दिली असती, तर ताळेबंदावर त्याची रेघही उमटली नसती. नोकरीच्या अखेरच्या काळात, पुष्कळ खटपटीनंतर, आमच्या खात्यात मी पिंपे चेपून पाठवण्याची पद्धत सुरू करवली आणि मावशींच्या दाराशी नवी टाकी बसवली. हे मोठेपणासाठी सांगत नाही. बारा वर्षांत माझ्या सहीने बाहेर गेलेल्या पिंपांपैकी मला परत मिळाले ते एकच पिंप.

आता आपल्या विद्यालयाविषयी. सुवर्णमहोत्सवानिमित्त सर्व इमारतींना नवा रंग द्यायचा संकल्प आहे, असे निमंत्रणात वाचले. आनंद वाटला. त्या कामाच्या आधी माझ्यासारख्या जुन्या रंगाऱ्याच्या चार विनंत्या मान्य व्हाव्यात. रंग घेताना शिशाची मर्यादा पाळल्याचा उल्लेख डब्यावर पाहूनच घ्यावा. दारांना, गजांना आणि बाकांना औद्योगिक वापराचा स्वस्त रंग लावू नये. जुने पोपडे कोरडे खरवडू नयेत. पाण्याने ओले करून घासावेत, धूळ ओल्या फडक्याने टिपावी आणि त्या काळात मुलांना त्या खोल्यांपासून दूर ठेवावे. जवसाच्या तेलाने किंवा वॉर्निशने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करून ठेवू नये. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून पाण्यात बुडवून झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवाव्यात. उरलेला रंग आणि थिनर मोरीत, ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी ओतू नये. घरगुती वापरातले रंगाचे रिकामे डबेही २०१६ च्या घनकचरा नियमांत घातक कचरा म्हणूनच धरले होते, आणि ते गोळा करण्यासाठी केंद्रे उभारण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली होती. आपल्या गावात असे केंद्र नसेल, तर ते मागण्यासाठी ग्रामपंचायतीकडे वा नगरपालिकेकडे पहिला अर्ज आपल्या विद्यालयाचा जावा.

वसतिगृहात आज पाणी कशात साठवले जाते, हेही एकदा पाहावे. एखादे जुने पिंप कोपऱ्यात उरले असेल आणि त्याचा इतिहास कोणाला ठाऊक नसेल, तर ते पिण्याच्या, स्वयंपाकाच्या किंवा आंघोळीच्या पाण्यासाठी वापरू नये. वास येत नाही, हा पुरावा नव्हे.

आपले पुष्कळ माजी विद्यार्थी आज औद्योगिक वसाहतींत आहेत. कोणी स्प्रे गन धरतो, कोणी पावडर कोटिंगच्या भट्टीवर उभा आहे, कोणी भंगाराचा व्यवसाय करतो, आणि दोघे-तिघे स्वतःच्या शेडचे मालक झाले आहेत. त्यांना माझे सांगणे वेगवेगळे आहे. जो कामगार आहे त्याने डब्यावरचे धोक्याचे चित्र वाचावे, रसायनाचे माहितीपत्रक आपल्या भाषेत मागावे, थिनरने हात धुऊ नयेत, आणि रात्री धाप लागत असेल तर डॉक्टरांना सर्वांत आधी आपले काम सांगावे. भंगारवाल्याने रसायनाचे पिंप गॅसने कापू नये आणि घरगुती वापरासाठी विकू नये. जो मालक आहे त्याने आपल्या कामगाराच्या दाराशी कोणते पिंप आहे, हे एकदा जाऊन पाहावे. आणि जो माझ्यासारखा सही करणारा आहे, त्याने सही करण्याआधी 'रिकामे' हा शब्द पुन्हा एकदा वाचावा.

या विद्यालयाने आम्हांला अक्षर दिले. त्या अक्षराने मी तीस वर्षे रोजी-रोटी मिळवली आणि त्याच अक्षराने ते क्रमांक त्या पिंपांवर लिहिले. पुढच्या मुलांच्या हातून ते अक्षर अधिक जाणतेपणाने लिहिले जावे, आणि वसतिगृहाच्या मागच्या अंगणातले पाणी त्यांना निर्धास्तपणे पिता यावे, एवढीच या मंगल प्रसंगी माझी कामना आहे.